शुभा, तुझी फाइल माझ्याकडे होती

शुभा,

तू गेलीस त्याला सहा आठवडे झाले. तुझ्याबद्दल चांगलं बोलायचं काम लोकांनी व्यवस्थित पार पाडलंय, मी त्यात भर घालत नाही. मला तुझ्याशी एका फाइलबद्दल बोलायचं आहे. निळी, प्लास्टिकची, वर पुण्याच्या लॅबचं नाव. जानेवारीत तू ती माझ्या स्वयंपाकघरात कणकेच्या डब्याशेजारी ठेवलीस आणि म्हणालीस, "ही तुझ्याकडे राहू दे. मिलिंदला मधूनच कपाटं आवरायचा झटका येतो."

फाइलमध्ये काय आहे ते तू, मी आणि पुण्यातले ते डॉक्टर एवढ्यांनाच माहीत होतं. तुझ्या नवऱ्यालाही नाही. तुझ्या हृदयाची भिंत जाड झाली होती. हा आजार घराण्यातून येऊ शकतो, मुलीलाही तपासून घ्या, असं डॉक्टरांनी शेवटच्या पानावर हाताने लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. तू ठरवलंस की रेवाला जूनमध्ये, परीक्षा संपल्यावर सांगायचं. तोवर मी तोंड उघडायचं नाही. मी बरं म्हटलं. मार्चमध्ये तू गेलीस, आणि तुझी वीस वर्षांची मुलगी रोज सकाळी धावायला जात राहिली.

मी का बरं म्हटलं, हे स्वतःला विचारून झालंय. उत्तर फारसं मोठं नाही. तू म्हणाली होतीस, "तुला सांगितलं कारण तू रडत नाहीस." मला ते ऐकून बरं वाटलं. एवढंच.

तुझी बाग मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, हिच्याकडे अजून काही उगवलेलंच नाही. इंग्लंडात, रीडिंग गावातल्या त्या घरामागे पाच जुनी दगडी सिंकं, त्यांत खडी, आणि खडीत मुठीएवढ्या हिरव्या उशा. तू एकेकीची ओळख करून दिलीस. हे सॅक्सिफ्रेज, हेही सॅक्सिफ्रेज, हे जेन्शियन, हे पुन्हा सॅक्सिफ्रेज. बर्फाळ डोंगरांवर, दगडाच्या भेगेत राहणारी ही झाडं. काहींच्या पानांच्या कडेला चुना लावल्यासारखे पांढरे ठिपके.

"हे मोठं कधी होतं?" मी विचारलं.

"झालंय की. अकरा वर्षांचं आहे."

"अकरा वर्षांत माझ्या बागेत बटाट्यांची अकरा पिकं निघाली."

"तुझे बटाटे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात."

"हे मिळत नाही, कारण कोणी मागत नाही."

हे भांडण आपण नऊ वर्षं चालवलं. मी मेथी, बटाटे आणि घेवड्याच्या बाजूने, तू खडीच्या बाजूने. मी म्हणायचे, ज्याला खत नको, पाणी नको, ते झाड नाही, तो संन्यासी. तू म्हणायचीस, "यांना थंडी मारत नाही गं, ओल मारते. या देशात थंडी कमी आणि ओल जास्त, म्हणून तर मजा आहे." ऑक्टोबर लागला की तू प्रत्येक सिंकावर चार विटा ठेवून वर काच ठेवायचीस. पाऊस वरून पडू द्यायचा नाही, वारा मात्र बाजूने खेळू द्यायचा. एवढं करण्यापेक्षा माणसाने प्लास्टिकची फुलं आणावीत, हे माझं मत अजून कायम आहे.

पण नाशिकला माझी आई गेली आणि मला तिकीट मिळायला तीन दिवस लागणार होते, तेव्हा तू माझ्याकडे जेवणाचे डबे घेऊन आली नाहीस. एक ट्रे, वाळूची पिशवी आणि आपल्या झाडांचे तोडलेले तुकडे घेऊन आलीस. "हे लावायचेत. चाळीस आहेत. खालची पानं काढ आणि मानेपर्यंत खोच." मी चाळीस तुकडे खोचले. तू बाजूला बसून लेबलं लिहिलीस. आईबद्दल तू एक शब्द विचारला नाहीस. माझ्या आयुष्यात त्या आठवड्यात तेवढी एकच गोष्ट धड झाली. त्याबद्दल मी तुला कधी थँक्यू म्हटलं नाही. आता म्हणते.

अवघड गोष्ट तोंडावर बोलायची नाही, ही तुझी रीतच होती. कधी ती वरदान असायची, जशी त्या दिवशी. कधी नसायची. तुझ्या सासूबाई पुण्याहून तीन महिने राहायला आल्या होत्या, आठवतं? पूजेचं पाणी मोरीत ओतायचं नाही, झाडालाच घालायचं, या नेमाने त्या रोज सकाळी काच उचलून दुधासकट सगळं तीर्थ तुझ्या मधल्या सिंकात ओतत होत्या. नोव्हेंबरमध्ये. एकेक उशी तपकिरी पडत गेली. मी म्हटलं, "सांग ना त्यांना." तू म्हणालीस, "त्या जानेवारीत जाणार आहेत. कशाला उगाच?" अकरा झाडं कुजली. तू त्यांना मार्केटमधून तुळस आणून दिलीस, ती खिडकीत पंधरा दिवसांत वाळली. सासूबाई तुळशीसाठी हळहळत पुण्याला गेल्या. त्या अकरा झाडांचं त्यांना आजही माहीत नाही.

तेव्हा आपण खूप हसलो होतो. आता मला त्यातला तो शब्द ऐकू येतो. जानेवारीत जाणार आहेत. जूनमध्ये सांगेन. तुझ्याकडे प्रत्येक वाईट बातमीला पुढची एक तारीख असायची.

डिसेंबरात तू पुण्याला गेलीस आणि आपल्यातले सगळे करतात तसं फुल बॉडी चेकअप करून आलीस. इथे डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळायला आठवडे लागतात, तिथे एका सकाळी डोक्यापासून पायापर्यंत सगळं होतं, वर पोहे आणि चहा पॅकेजमध्येच. फाइल सुटकेसमध्ये टाकून आणायची आणि इथल्या डॉक्टरला दाखवायची नाही, हेही सगळे करतात. "ते पॅकेजवाले काहीतरी शोधून काढतातच," तू म्हणालीस. "नाहीतर पुढच्या वर्षी कोण जाईल?"

"शुभा, त्यांनी दोन रेघा मारल्यात."

"त्यांना सवय असते."

"तुझी आई कशाने गेली?"

"पाय घसरून. जिन्यावर."

"आणि मामा?"

"ऊन लागलं. क्रिकेट खेळत होता." मग तू हसून म्हणालीस, "आमच्याकडे कोणी झिजून जात नाही बाई. सगळी उभ्याउभ्या जातात. नशीबवान घराणं आहे."

हे वाक्य तू आधीही दोन-तीनदा बोलली होतीस, अभिमानाने. त्या दिवशी फाइल समोर उघडी होती आणि तुझा हात तिच्यावर होता. तू हात काढला नाहीस. मला वाटतं, तुलाही त्याच क्षणी कळलं. मी चहाचे कप विसळायला उठले. मी तिथेच बसून राहायला हवं होतं.

फेब्रुवारीत एका शनिवारी मी आले तर तू सिंकाशी वाकून एकेक उशी दोन बोटांत धरून हलकेच ओढून बघत होतीस.

"काय करतेस?"

"मुळं आहेत का बघते."

"एवढी हिरवीगार दिसतायत."

"वरून काही कळत नाही. अळी खालून खाते. हिवाळाभर झाड तसंच दिसतं, कधीकधी कळ्यासुद्धा धरतं. तू त्या कोपऱ्यातली ओढ."

मी ओढली. ती उशी सबंध माझ्या हातात आली, टोपी काढावी तशी. खाली एकही मूळ नव्हतं. भोकात तीन जाड पांढऱ्या अळ्या वळल्या होत्या. मी ओरडले. तू एकेक अळी उचलून फरशीवर बुटाने चिरडलीस. मग ती उशी उलटसुलट करून पाहिलीस आणि परत खडीवर ठेवलीस.

"आता कशाला ठेवतेस?"

"आठवडाभर हिरवी राहील," तू म्हणालीस. "राहू दे."

मी तेव्हा विचारू शकले असते. दोघीच होतो. मी विचारलं ते हे, की अळ्या बटाट्यांना लागतात का.

मग तो शनिवार. आदल्या गुरुवारी तुझा फोन आला होता. खडीच्या पिशव्या आल्यात, मोठं सिंक भिंतीपासून पुढे ओढायचंय, येशील का? मी म्हटलं, या शनिवारी आमच्या दातांच्या दवाखान्यात इन्स्पेक्शनची तयारी आहे, पुढच्या शनिवारी येते, तोवर हात लावू नकोस. तुला जड उचलायला मनाई होती, तेही फाइलमध्ये लिहिलं होतं, मी दोनदा वाचलं होतं. "नाही लावत," तू म्हणालीस. मी चार डेंटिस्टांच्या कपाटांतल्या औषधांच्या तारखा तपासत होते तेव्हा मिलिंदचा फोन आला. शेजारच्या बाईंनी कुंपणावरून पाहिलं होतं. तीन पिशव्या तू हलवल्या होत्यास. चौथी तुझ्याजवळ पडली होती, फाटलेली.

मी पोचले तेव्हा तुला नेलं होतं. पिवळी सॅक्सिफ्रेज फुलली होती, पानं दिसू नयेत इतकी. मी काचा परत विटांवर ठेवल्या, कारण ढग आले होते. तेवढंच सुचलं.

असं अचानक गेलेलं माणूस इथे लगेच घरच्यांना मिळत नाही. अशा मृत्यूंची चौकशी करणाऱ्या कॉरोनरच्या ऑफिसातून मिलिंदला फोन आला. पोस्टमॉर्टेम झालंय, पण नक्की कारण कळायला हृदय दुसरीकडे तपासायला पाठवावं लागेल, काही आठवडे जातील. आधीचा काही आजार होता का? तुमच्या डॉक्टरांच्या रेकॉर्डमध्ये तर काहीच नाही. मिलिंदने फोनवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं. मी तुमच्या ओट्याशी भात लावत होते.

"तुला काही बोलली होती का? छातीत दुखतं, दम लागतो, काहीतरी?"

"नाही," मी म्हटलं.

त्या वेळी माझा हेतू काय होता ते मला खरंच सांगता येत नाही. तुला दिलेला शब्द, हे एक. पण भीतीही होती. मला माहीत होतं, आणि मी इन्स्पेक्शनला गेले होते. ते 'नाही' मी तुझ्यासाठी म्हटलं की माझ्यासाठी, हे तू ठरव.

अंत्यसंस्कार सोळाव्या दिवशी झाले. दिवस कधीपासून धरायचे यावर पुण्याशी तासभर व्हिडिओ कॉल चालला. शेवटी तेरावा झाला, त्या दिवशी तुमच्या घरात तीसेक माणसं होती. जेवणं झाल्यावर रेवा उभी राहिली. अंगात पांढरा टीशर्ट, त्यावर तुझा फोटो, तो खुरपं हातात धरलेला.

"मी आईसाठी हाफ मॅरेथॉन करणार," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात, संडेला. आई नेहमी माझा रेस बघायला यायची. सगळे या, प्लीज."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बायकांनी डोळे पुसले. कोणीतरी म्हणालं, आईची मुलगी शोभतेस. मीही टाळ्या वाजवल्या, शुभा. माझे हात वाजवतायत हे मला दिसत होतं.

त्यानंतर मी दर शनिवारी तुझ्याकडे येत राहिले. मिलिंदला वाटलं झाडांसाठी. काचा काढल्या, फाटक्या पिशवीतली खडी भरली, झाडांच्या मानेभोवती पसरली. रेवा धावून येईपर्यंत मी निघायचे नाही. पहिल्या शनिवारी ती एका तासात आली. दुसऱ्या शनिवारी दीड तासाने. पावणेदोन तास होत आले की मी फाटकाशी जाऊन उभी राहून रस्त्याकडे बघायचे. दर वेळी ती दिसली की मनात म्हणायचे, जून काही लांब नाही. तुझंच वाक्य माझ्या तोंडात आलं होतं.

रेसच्या आदल्या शनिवारी ती आली, ती घरात गेलीच नाही. मागच्या पायरीवर बसली आणि डोकं गुडघ्यांत घातलं. तिचे ओठ पांढरे होते.

"काय झालं?"

"काही नाही. होतं असं. एक मिनिट."

"होतं म्हणजे? कधीपासून होतं?"

"मावशी, चिल. पाणी दे फक्त."

मी पाणी दिलं. तिचं पिऊन झालं. मग मी कारमधून ती फाइल आणली. ती गेले तीन शनिवार माझ्या कारमध्ये होती, हेही तुला सांगून टाकते. दर वेळी आणायचे, दर वेळी परत न्यायचे.

मी सगळं सांगितलं. सांगायला चार मिनिटंसुद्धा लागली नाहीत. जानेवारीपासून इतकं जड वाटलेलं ओझं चार मिनिटांत संपतं, याचीच लाज वाटली. तिला म्हटलं, तुझी आजी, तुझा मामाआजोबा, तुझी आई. पाय घसरला नव्हता. ऊन लागलं नव्हतं.

रेवाने शेवटचं पान वाचलं. दोन रेघांवरून बोट फिरवलं.

"बाबाला माहीत आहे?"

"नाही."

"तुला जानेवारीपासून माहीत होता."

"हो."

"आणि मी धावत होते. तू बघत होती."

"हो."

तिने फाइल मिटून मांडीवर ठेवली. मग तिने जे सांगितलं ते तुला सांगण्यासाठी मी हे लिहायला बसले आहे.

"मी आईला सांगितलेलं," ती म्हणाली. "फेब्रुवारीत युनिव्हर्सिटीत मी ट्रेनिंग करताना पडले. दोन सेकंद सगळं ब्लॅक. मी आईला फोन केला. ती म्हणाली, नाश्ता करत जा. मग दुसऱ्या दिवशी परत तिचा फोन आला. म्हणाली, जुलैत आपण पुण्याला जाऊ, दोघी फुल चेकअप करू. तिने तिकीटपण बघितलेलं."

जुलै.

हे तू मला सांगितलं नव्हतंस. मला अर्धंच सांगितलं होतंस आणि त्या अर्ध्यावर मी शब्द दिला होता. ती पडली हे मला माहीत असतं तर मी एक दिवस थांबले नसते. तुला ते ठाऊक होतं, म्हणूनच तू सांगितलं नाहीस. बरोबर ना? तू तिला विसरली नव्हतीस, तिकिटं बघत होतीस, तुझ्या परीने तू वाट काढत होतीस. हे मला कळतं. तरीही.

मिलिंदला रेवाने आणि मी मिळून सांगितलं. तो ओरडला नाही. फाइल पहिल्या पानापासून वाचली, मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी तुला विचारलं होतं. याच खोलीत." मग रेवाला म्हणाला, "उद्या तू घराबाहेर पडणार नाहीस." रविवारी ती बाहेर पडली नाही. तो टीशर्ट खुर्चीवर होता.

सोमवारी सकाळी आठच्या ठोक्याला मी सर्जरीला, म्हणजे इथल्या डॉक्टरच्या दवाखान्याला, फोन लावला. फोनच्या रांगेत आम्ही चौदाव्या. रेवा टेबलाशी बसून नखं खात होती. रिसेप्शनिस्ट म्हणाली, पुढच्या आठवड्यात बघू. मी स्वतः रिसेप्शनवर बारा वर्षं काढली आहेत, कुठला शब्द कुठे ठेवायचा मला माहीत आहे. मी म्हटलं, आई सहा आठवड्यांपूर्वी अचानक गेली, मुलगी धावताना बेशुद्ध पडली आहे, आणि आईच्या हृदयाचा रिपोर्ट माझ्या हातात आहे. दहा वाजता बोलावलं.

ईसीजी काढणारी मुलगी रेवाएवढीच होती. हवापाण्याच्या गप्पा मारत तिने तारा लावल्या. कागद बाहेर आला तशी तिने तो पाहिला, मग रेवाकडे पाहिलं, आणि गप्पा थांबल्या. "जरा अशाच पडून राहा हं," ती म्हणाली. "मी डॉक्टरांना घेऊन येते."

डॉक्टरांनी तिथूनच हॉस्पिटलला फोन केला. आता रेवाच्या छातीला तारा चिकटवल्या आहेत आणि कमरेला एक डबी आहे, ती प्रत्येक ठोका टिपते. हृदयाचा इको गुरुवारी. तोवर धावायचं नाही, जड उचलायचं नाही, एकटीने राहायचं नाही. तुझ्या रिपोर्टची प्रत मी कॉरोनरच्या ऑफिसला पाठवली आहे. मिलिंद माझ्याशी अजून बोलत नाही, पण गुरुवारी आमच्याबरोबर ये, असा निरोप त्याने रेवाजवळ दिला.

मला तुझा खूप राग आला आहे, शुभा. तू असतीस तर मी सरळ येऊन भांडले असते, तू उलट बोलली असतीस, आणि दुपारच्या चहापर्यंत मिटलं असतं. आता तो मिटवायला कोणी नाही. मी रजा टाकली आहे. गुरुवारी सकाळी साडेनऊला मी हॉस्पिटलात तुझ्या मुलीशेजारच्या खुर्चीवर बसेन. ती तुझी जागा आहे.